खिडकीपाशी बसणारा

"मी काही पाहिलं नाही, मॅडम," टेलर म्हणाला. "मी तेव्हा मान खाली घालून शिवत होतो."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. याच कैद्याने गेल्या आठवड्यात तुरुंगाच्या दवाखान्यात, औषधाच्या रांगेत उभं राहून, ओठसुद्धा न हलवता त्यांना सगळं सांगितलं होतं. शिवणखात्यातल्या एका तरुण कैद्याचा हात कापडाच्या ताग्यातल्या लोखंडी नळीने कसा मोडला, मारणारा कोण, धरून ठेवणारे कोण, आणि नंतर 'जिन्यावरून पडला' हे सगळ्यांकडून कसं घोकून घेतलं. "बोलावलंत तर सहीनिशी देईन," असंही तो म्हणाला होता.

आज त्याचा उजवा हात टेबलाखाली होता.

"हात वर घ्या बघू."

त्याने डावा वर घेतला.

"दुसरा."

दुसऱ्या हाताची दोन बोटं पांढऱ्या पट्टीत एकत्र गुंडाळलेली होती. पट्टीच्या टोकाशी तपकिरी डाग वाळला होता.

"काय झालं?"

"मशीनखाली आली."

"किती वर्षं शिवताय तुम्ही?"

"बाहेरचं नि आतलं धरून? जन्म गेला, मॅडम."

"आणि बोटं आत्ता आली मशीनखाली."

टेलरची नजर दाराकडे गेली. दार बंद होतं, पण खालच्या फटीतून दोन बुटांची टोकं दिसत होती. बाहेरचा पहाऱ्यावरचा शिपाई दाराला जरा जास्तच चिकटून उभा होता.

"मला परत पाठवा," टेलर हळूच म्हणाला. "इथं जास्त वेळ बसलो की ते धरून ठेवतात मनात."

बाईंनी त्याला परत पाठवलं. कोपऱ्यातल्या टेबलावर मास्तर जबाब उतरवून घ्यायला बसले होते. त्यांच्या कागदावर फक्त नाव, वय आणि 'मी काही पाहिलं नाही' एवढंच होतं, आणि तेही त्यांच्या त्या सुंदर, वळणदार अक्षरात. ते अक्षर बघून बाईंना का कोण जाणे, चीड आली.

टेलर बोलायला तयार आहे हे शाखेत दोघांनाच ठाऊक होतं. एक त्या स्वतः. आणि दुसरे मास्तर.

तुरुंग खात्याच्या अंतर्गत चौकशी शाखेच्या बाई प्रमुख होत्या. खात्यातला शिपाई असो, हवालदार असो की जेलर, त्याने कैद्यावर हात टाकला, आत चोरून काही नेलं, किंवा कामावर असताना दुसरंच काही केलं, तर त्याची चौकशी बाईंच्या देखरेखीखाली होई. मागे सगळे त्यांना 'चौकशीबाई' म्हणत. त्या उपाहारगृहात शिरल्या की बोलणारे जेवणावर लक्ष देऊ लागत आणि जेवणारे हात धुवायला उठत. कैद्यांनासुद्धा त्या 'तुम्ही' म्हणतात याची तर नक्कल करून दाखवली जाई, आणि ती नक्कल कोण चांगली करतो हेही बाईंना माहीत होतं.

संशय हा त्यांचा स्वभाव नव्हता. तो कामातून अंगात मुरला होता, जसा भटारखान्यातल्या माणसाच्या कपड्यांत धूर मुरतो. चौघांच्या साक्षी शब्दाला शब्द जुळल्या की त्यांच्या मनात पाल चुकचुके. खरं सांगणारे चौघं चार तऱ्हांनी सांगतात, खोटं सांगणारेच एका सुरात बोलतात, हे त्या नव्या अधिकाऱ्यांना शिकवत. दुकानदाराने न मागता "ताजंच आहे हो" म्हटलं की त्या पिशवी बंद करून पुढे जात. त्यांची मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात होती. फोनवर बाईंनी दोन प्रश्न लागोपाठ विचारले की ती म्हणे, "आई, ख्यालीखुशाली विचारतेयस की जबाब घेतेयस?" बाई हसत आणि तिसरा प्रश्न विचारत.

त्या दिवशी परतताना गाडीत मास्तर त्यांच्या शेजारी बसले होते. ते आधी शाळेत शिकवत, म्हणून ते मास्तर. बारीक अंगाचे, नाकावर चष्मा, साक्षीदाराच्या जबाबातलं व्याकरण सुधारायची वाईट खोड.

"कुणीतरी आधीच पोचवलं," मास्तर म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या, आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मास्तरांचा मावसभाऊ त्याच तुरुंगात शिपाई होता. गेले काही दिवस मास्तर फोन आला की उठून जिन्यात जात. बाई तिथून गेल्या की आवाज खाली येई. एकेक गोष्ट घेतली तर त्यात काही नव्हतं. पण बाईंच्या डोक्यात त्या एकमेकींशेजारी जाऊन बसल्या आणि मग उठेनात.

---

घरी आप्पा वाटच बघत होते.

आप्पा म्हणजे बाईंचे वडील. नवरा गेल्यापासून बाई आणि आप्पा असं दोघांचंच घर होतं. आप्पांनी सगळी नोकरी तुरुंगात काढली होती. साधे शिपाई म्हणून लागले आणि हवालदार होऊन निवृत्त झाले. भिंतीआडच्या प्रत्येक कोपऱ्याची त्यांना माहिती होती. कुठल्या बरॅकच्या मागे उन्हाळ्यात सावली येते, कुठलं कुलूप किल्ली उलटी फिरवल्याशिवाय उघडत नाही, सगळं. मुलगी त्याच खात्यात अधिकारी झाली तेव्हा त्यांनी गल्लीभर सांगितलं होतं. ती चौकशी शाखेत गेली, आणि त्यांच्या बरोबरीचे निवृत्त लोक संध्याकाळी बागेत त्यांना बघून बाक बदलू लागले. कुणी भांडलं नाही, कुणी बोलून दाखवलं नाही. एवढंच की पत्ते पिसणारा हात आप्पा जवळ आले की थांबे आणि कुणीतरी म्हणे, "चला, उशीर झाला." आप्पांनी मुलीपाशी कधी तक्रार केली नाही. "मला पत्ते आवडतच नाहीत," एवढं म्हणाले. पुढे कित्येक वर्षं ते बागेला एकटेच फेऱ्या मारून घरी येत होते.

गेल्या काही महिन्यांत मात्र त्यांच्यात जान आली होती. एका संध्याकाळी त्यांचा जुना दोस्त जमादार सफरचंदांची पिशवी घेऊन दारात उभा राहिला. "काय रे, मेलास की काय म्हणून बघायला आलो," म्हणाला, आणि दोघं बराच वेळ हसत बसले. तेव्हापासून आप्पा पाच वाजले की केस विंचरत. शर्टाला इस्त्री आहे का ते विचारत. बाईंना बघून बरं वाटे.

आणि रात्रीच्या जेवणाला बाई आप्पांपाशी बोलत. जगात दुसरं कुणी नव्हतं ज्याच्यापाशी बोलावं. नाव त्या कधी घेत नसत, कधीच नाही. पण आप्पांना नावाची गरजही नसे.

"फिरला," त्या म्हणाल्या. "साक्षीदार फिरला."

आप्पांचा घास हातातच राहिला. "कोण, तो..."

"तोच."

"भ्याला असेल. आत राहणारा माणूस आहे, ताई. तू संध्याकाळी घरी येतेस, त्याला तिथंच झोपायचंय." त्यांनी भात कालवला, पण खाल्ला नाही. "तुझ्यातलं कुणी फुटलंय का?"

"मलाही तेच वाटतंय."

"मग शोध," आप्पा म्हणाले. "आधी आपल्या माणसात शोध. बाहेर नंतर."

दुसऱ्या दिवशी बाईंनी मास्तरांची बदली अभिलेख विभागात करून घेतली. अभिलेख विभाग म्हणजे तळघरातली एक लांबलचक खोली. तिथं जुनी कागदपत्रं ठेवत आणि ज्यांना कुठं ठेवायचं कळत नाही अशी माणसंही ठेवत. आदेश हातात घेऊन मास्तर बाईंच्या टेबलासमोर उभे राहिले.

"मॅडम, माझं काही चुकलं का?"

"प्रशासकीय कारण आहे. लिहिलंय त्यात."

"ते वाचलं मी." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "तुम्हाला माझा संशय आहे का, एवढंच विचारतो."

बाईंनी फाईल उघडली. "मास्तर, तिकडे हजर व्हा. वेळ होतोय."

मास्तर गेले. जाताना त्यांनी टेबलाचे खण उघडे ठेवले, एकूण एक, आतलं दिसावं म्हणून. त्यात टाचण्या होत्या आणि दोन खडू होते. बाईंच्या मनाला जरासं टोचलं. पण त्यांनी स्वतःला बजावलं की निरागसपणा दाखवण्याच्याही तऱ्हा असतात, आणि त्या सगळ्या आपण पाहिल्या आहेत.

---

टेलर गप्प झाला तरी ती लोखंडी नळी कुठंतरी असणारच होती. शिवणखात्यातून ती नाहीशी झाली होती. शिपायांच्या खोलीतल्या कपाटांची अचानक झडती घ्यायची, असं बाईंनी ठरवलं. या वेळी शाखेत कुणालाही कळू दिलं नाही. सोबत न्यायच्या दोघा अधिकाऱ्यांनासुद्धा सकाळी गाडीत बसल्यावरच कुठं जायचंय ते कळणार होतं. आदल्या संध्याकाळी, आप्पा फिरायला निघताना, त्या फक्त एवढं म्हणाल्या, "उद्या सकाळचा चहा तुम्हीच करून घ्या आप्पा. मला त्यांची कपाटं उघडायला जायचंय, लवकर."

"नळी सापडायची नाही," आप्पा बुटांचे बंद बांधत म्हणाले. "पण जा. नुसतं गेलीस तरी धाक बसतो."

सकाळी शिपायांच्या खोलीचं दार उघडलं आणि फिनेलचा भपकारा आला. फरशी ओली होती. भिंतीलगतची सगळी लोखंडी कपाटं आधीच सताड उघडी होती. आत इस्त्रीचे गणवेश, पुसलेले बूट, देवघर मांडावं तशी मांडामांड. आणि मधोमध हवालदार पैलवान उभा होता. रुंद खांदे, बारीक मिशी, चेहऱ्यावर पाहुणचाराचं हसू. मोडलेल्या हाताच्या प्रकरणात टेलरने ज्याचं नाव घेतलं होतं तो हाच.

"या, मॅडम. उशीर केलात. आम्हाला वाटलं, सहालाच येताय."

सोबतचे अधिकारी एकमेकांकडे बघू लागले. बाईंनी कपाटं पाहिली. पाहण्यासारखं काही नव्हतं, तरी एकेक कपाट नीट पाहिलं, कारण न पाहता वळल्या असत्या तर तेही पुढे गावभर झालं असतं. त्या निघाल्या तसा पैलवान त्यांच्या बरोबरीने दारापर्यंत आला आणि आवाज खाली आणून म्हणाला,

"आप्पांना जपा हं, मॅडम. काल बागेत पायरीवरून घसरले. गुडघ्याला लागलंय. घरी सांगितलं नसेल त्यांनी."

बाई थांबल्या.

"आमचे सासरे होते म्हणून सावरलं," पैलवान म्हणाला. "जमादार. त्यांची नि आप्पांची फार जुनी दोस्ती. तसे आपण घरचेच झालो की, मॅडम. घरातली गोष्ट घरात राहिली तर सगळ्यांचंच भलं."

तो पुन्हा हसला, आणि अदबीने दार उघडून धरलं.

---

बाई गाडीत बसल्या. काल रात्री आप्पा पाय ओढत चालत होते हे त्यांना आता आठवलं. त्यांनी विचारलं तेव्हा ते "मुंग्या आल्यात" म्हणाले होते. अनोळखी माणसाच्या बुटावरचा चिखल बघून तो कुठून आला ते सांगणाऱ्या बाई! जमादार एवढ्या वर्षांनी सफरचंदं घेऊन आला, तेव्हा एका कैद्याचा हात मोडून आठवडाही झाला नव्हता. हा आत्ताच कसा उगवला, असं त्यांनी एकदाही मनाला विचारलं नव्हतं. साऱ्या खात्यात, साऱ्या गावात, एकाच माणसावर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता.

संध्याकाळी त्या ऑफिसातून थेट बागेकडे गेल्या. आत शिरल्या नाहीत. मेंदीच्या कुंपणाबाहेर, एखाद्या आरोपीवर पाळत ठेवावी तशा उभ्या राहिल्या.

छपरीखाली पाच-सहा म्हातारे बसले होते. बाकीचे बाकांवर, आणि आप्पांना मात्र घडीची खुर्ची. दुखरा पाय समोरच्या स्टुलावर ठेवलेला, आणि ते स्टूलही कुणीतरी मुद्दाम आणलेलं. चहाचा पहिला कप आप्पांकडे आला. आप्पा हातवारे करून काहीतरी जुनी गोष्ट सांगत होते. जमादार पुढे वाकून ऐकत होता. मग सगळे मिळून हसले, आणि आप्पा सगळ्यांत मोठ्याने. बाईंना आपल्या वडिलांचं तसं हसणं विसरायला झालं होतं.

त्या कुंपणापासूनच मागे फिरल्या.

आप्पा घरी आले तेव्हा बाईंनी पाणी गरम करून ठेवलं होतं. "बसा," त्या म्हणाल्या. "गुडघा दाखवा."

"तुला कुणी सांगितलं?"

"दाखवा आधी."

गुडघा चांगलाच सुजला होता. बाईंनी फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, आणि हलक्या हाताने शेकायला लागल्या. आप्पांना बरं वाटलं, ते मागे टेकले. त्या जबाब घेताना नेहमी असंच करत. माणसाला आधी आराम वाटू द्यायचा. आपण तेच करतोय हे त्यांना कळत होतं, आणि थांबताही येत नव्हतं.

"जमादारांनी सावरलं म्हणे."

"हो ना. नाहीतर डोकंच आपटलं असतं."

"चांगला माणूस आहे."

"आहेच. मनात काही ठेवत नाही."

"काय काय बोलता तुम्ही?"

"काय बोलणार? जुन्या गोष्टी."

"आणि माझ्या?"

आप्पांनी डोळे उघडले. बाईंचा हात फडक्यावर तसाच होता. पाणी त्यांच्या पोटरीवरून ओघळत होतं.

"शिवणखात्यातला साक्षीदार मी तुम्हाला कसा सांगितला होता, आप्पा?"

"नाव नव्हतं घेतलंस."

"नव्हतं. कसा सांगितला होता?"

आप्पांनी पोटरीवरचं पाणी तळहाताने पुसलं. मग म्हणाले, "खिडकीपाशी बसणारा."

"तुम्ही जमादारांना सांगितलंत."

"मी काय बातमी द्यायला गेलो नव्हतो गं!" आप्पांचा आवाज चढला आणि मध्येच फाटला. "तोच म्हणाला, तुझी पोरगी काय करणार, तिच्याकडे पुरावा काय आहे, हात हलवत परत येईल. सगळ्यांसमोर म्हणाला. सगळे हसले. मला सहन झालं नाही. मी म्हटलं, माझी मुलगी हात हलवत यायची नाही, तिच्याकडे डोळ्यांनी बघणारा माणूस आहे, खिडकीपाशी बसतो. एवढंच म्हटलं. एवढंच, ताई."

बाईंनी फडकं बादलीत टाकलं.

"त्याची दोन बोटं गेली मशीनखाली," त्या म्हणाल्या.

आप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. आपोआप कुणाची बोटं मशीनखाली जात नाहीत हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनी भिंतीआड सगळी नोकरी काढली होती.

"कुठल्या हाताची?"

"उजव्या."

आप्पांनी स्वतःचा उजवा हात उचलला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघितलं, जणू तो कुणी दुसऱ्याने त्यांच्या मांडीवर ठेवला होता. "मला खुर्ची देत होते गं," ते म्हणाले. "मला वाटलं, माझ्यासाठीच देतायत."

---

पुढचे काही दिवस बाईंनी काहीच केलं नाही. त्या कामावर जात, सह्या करत, घरी येत. आप्पा बागेत जायचे बंद झाले. जमादाराचा फोन आला की ते आपला मोबाईल उपडा करून ठेवत. मास्तर तळघरात होते. पैलवान कामावर होता. टेलर कुठल्या बरॅकमध्ये कसा झोपत असेल याचा विचार बाई गाडीत करत, आंघोळीला करत, आणि स्वतःला सांगत की अजून थोडा पुरावा हवा, अजून जरा. हे आपण कुणाला सांगतोय आणि का, तेही त्यांना स्पष्ट दिसत होतं. आप्पांचं नाव पुढे आलं की साऱ्या खात्यात एकच गोष्ट उरणार होती: चौकशीबाईच्याच घरातून बातम्या फुटतात. म्हातारपणी आप्पांना त्या तोंडांसमोर उभं करायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आणि खरं सांगायचं तर स्वतःला उभं करायचंही.

शेवटी त्या मोठ्या साहेबांकडे गेल्या आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, दार लोटलं, आणि म्हणाले, "बसा. हे माझ्याव्यतिरिक्त कुणाला ठाऊक आहे?"

"अजून नाही."

"मग राहू द्या ना. मास्तरांना परत वर घ्या, दोन गोड शब्द बोला. त्या पैलवानाला लांब कुठंतरी टाकतो मी. म्हाताऱ्या माणसाला कशाला मध्ये ओढता? तुमचे वडील आहेत ते."

बाईंनी मान डोलावली. होकार म्हणून की नुसतीच, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. घरी येऊन त्यांनी आप्पांना सांगितलं, "मिटलंय सगळं. साहेब बघतायत. तुम्ही डोक्यातून काढून टाका."

आप्पा खिडकीत उभे होते. "त्या बोटवाल्याचं काय ठरलं?"

"त्याला दुसऱ्या तुरुंगात हलवतील."

"आणि पैलवानाला?"

"त्यालाही."

"म्हणजे तो तिथं जाऊन दुसऱ्याची मोडेल." आप्पा वळले. "ताई, मला तुझ्या ऑफिसात घेऊन चल."

"आप्पा, तुम्हाला कळतंय का? जमादार, ते सगळे... परत कुणी तोंडाकडे बघणार नाही."

"आधी तरी कोण बघत होतं?" ते म्हणाले. मग जरा थांबून, "खिडकीचं कधी बोललो, कपाटांचं कधी बोललो, कोण कोण होतं, सगळं आठवतंय मला. माझ्याकडून जमादाराला आणि त्याच्याकडून जावयाला, दुसरी वाट नाही. तू कितीही शोधलंस तरी दुसरा साक्षीदार मिळायचा नाही तुला."

त्यांनी इस्त्रीचा शर्ट मागितला नाही. अंगावर होता तोच घालून ते निघाले.

---

नात्यातल्या माणसाचा जबाब बाईंना घेता येणार नव्हता. मोठ्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण आप्पा खुर्चीवरून हलेनात तेव्हा तळघरातून मास्तरांना बोलावणं गेलं.

मास्तर वर आले. कपड्यांना धूळ लागली होती. बाई त्यांना दाराबाहेरच गाठून म्हणाल्या, "मास्तर, माझं चुकलं. तुमचा मावसभाऊ तिथं आहे, तुम्ही जिन्यात जाऊन बोलायचात..."

"जिन्यात रेंज येते," मास्तर म्हणाले. "आणि मावसभाऊ माझ्याशी बोलत नाही. तुमच्या शाखेत आलो तेव्हापासून."

बाईंनी मान खाली घातली.

"तुमच्या जागी असतो तर मीसुद्धा माझ्यावरच संशय घेतला असता, मॅडम," मास्तर म्हणाले. "पण आधी विचारलं असतं."

ते आत गेले आणि दार लागलं. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या, जिथं एरवी शिपायांच्या बायका नाहीतर म्हाताऱ्या आया रुमालाची गाठ सोडत-बांधत बसलेल्या असत. आतून मास्तरांचा शांत, वर्गात शिकवल्यासारखा आवाज येत होता. "सावकाश सांगा. घाई नाही." मग आप्पांचा आवाज. मग बराच वेळ फक्त आप्पांचाच. शब्द कळत नव्हते. त्यांनी कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. मास्तर आप्पांच्या कोपराला धरून त्यांना बाहेर आणत होते, दुखऱ्या गुडघ्याच्या बाजूने. "पाणी द्या त्यांना," ते बाईंना म्हणाले, आणि जबाबाचे कागद घेऊन मोठ्या साहेबांच्या खोलीकडे गेले.

त्या जबाबानंतर जमादाराला बोलावलं. तो आधी सगळं नाकारत होता. मग आप्पांनी सांगितलेली वाक्यं एकेक करून त्याच्यासमोर ठेवली, तेव्हा म्हणाला, "जावई आहे हो, विचारलं तर सांगणार नाही का?" साक्षीदाराला धमकावल्याबद्दल पैलवान निलंबित झाला. हात मोडल्याचं प्रकरण मात्र उभं राहिलं नाही. नळी सापडली नाही, आणि टेलर शेवटपर्यंत काही बोलला नाही. दुसऱ्या तुरुंगात नेताना बाई त्याला भेटायला गेल्या, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "तिथं मशीनवर बसवतील का मला? तीन बोटांनी जमेल." बाईंनी लिहून दिलं. पुढे काय झालं ते त्यांना कळलं नाही.

बाईंना लेखी ठपका मिळाला. जागा राहिली, पण ते प्रकरण त्यांच्याकडून काढून मास्तरांकडे दिलं गेलं. मास्तर वर परत आले. कामाचं बोलत, नेमकं बोलत, आणि त्यापलीकडे एक अक्षर नाही. टेबलाचे खण ते आता कुलूपबंद ठेवत.

घरी संध्याकाळ लांबायला लागली. आप्पा गुडघ्याचं निमित्त सांगून बाहेर पडत नसत. बाई ऑफिसातून येत, भाजी निवडत, ताटं घेत. एकदा जेवताना त्या सवयीने बोलून गेल्या, "आज त्या महिलांच्या बरॅकमध्ये..." आणि थांबल्या. आप्पा खाली बघून जेवत राहिले. मग म्हणाले, "वांगी चांगली निघाली."

"हो," बाई म्हणाल्या. "कोवळी होती."

त्यानंतर ते दोघं भाजीबद्दल बोलत, नळाच्या वॉशरबद्दल, मुलीच्या फोनबद्दल. बोलण्यासारखं होतं तेवढं सगळं लवकर संपे.

एका संध्याकाळी बाईंचा फोन वाजला. शाखेतून होता, कुठल्याशा तुरुंगात पहाऱ्यावरच्या एका बाईने तक्रार केली होती आणि ती लगेच बोलायला तयार होती. बाई उठल्या. आप्पा समोरच टीव्हीपुढे बसले होते. क्षणभर त्या घुटमळल्या, मग "हां, बोला" म्हणत गॅलरीत गेल्या. दार ओढून घ्यावं की नको, त्यांचा हात कडीवर तसाच राहिला.

आतून टीव्हीचा आवाज वाढला. मग आणखी वाढला. बाईंनी काचेतून पाहिलं. धुण्याच्या साबणाची जाहिरात चालली होती, आणि आप्पा रिमोट हातात घेऊन, पाठ ताठ ठेवून, ती नीट लक्ष देऊन बघत होते.